थप्पीखालचे भुंगे

"यातला मुकादम कोणता?"

आमची यंत्रं पहिल्यांदा बघणारा माणूस हा प्रश्न विचारतोच. धंद्याप्रमाणे शब्द बदलतो, एवढंच. हमाल मुकादम विचारतात, शिक्षक मॉनिटर विचारतात. भोकरदन तालुक्यातल्या एका सरपंचांनी तर उकिडवं बसून एकेक यंत्र उलटंपालटं करून बघितलं आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मला एकट्याला सांगा. यांचा सरपंच कोण हाय?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"मंग भांडणं कोण मिटवतं?"

जालन्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांना वेगळंच हवं होतं. वर-वधू आत येताना यंत्रांनी हिरवळीवर 'सुस्वागतम' अशी अक्षरं काढावीत. मी म्हटलं, आमच्या यंत्रांना अक्षरं कळत नाहीत, हुकूम कळत नाही, डावं-उजवंही धड कळत नाही. ते खूप निराश झाले. "मंग यांना येतं तरी काय?"

येतं काय, तेच सांगायला बसले आहे. आयुष्यभर तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, निवृत्त झाले आणि ज्या वयात लोक बागेत चालायला जातात त्या वयात या यंत्रांच्या, म्हणजे आमच्या भुंग्यांच्या, मागे लागले. सोबतीला माझा जुना विद्यार्थी अझर. त्याच्या घरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, दुकानामागे पत्र्याची शेड, आणि त्या शेडमध्ये आमचा कारखाना. कारखाना हा शब्द आम्ही दोघंच वापरतो.

आमचं एक यंत्र तळहाताएवढं, तीन बोटं उंच. खेळण्यातल्या गाडीच्या मोटारी, दोन चाकं, वर प्लॅस्टिकच्या डब्याचं टोपण. पुढच्या बाजूला टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसा न दिसणारा प्रकाश, त्यावरून समोर भिंत आहे की भाऊबंद, एवढं त्याला समजतं. आणि पोटाखाली हवेतला दमटपणा मोजणारा हरभऱ्याच्या दाण्याएवढा सेन्सर. बस. नकाशा नाही, स्मरणशक्ती नाही, एकमेकांशी बोलणं नाही. एकेकटं सोडलं तर असं यंत्र खोलीभर भटकतं, भिंतीला अडलं की वळतं, ओल्या जागेवरून जातं आणि काहीच न झाल्यासारखं पुढे निघून जातं. अगदी ढ.

पण पंचवीस-तीस ढ एकत्र सोडले की जे होतं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी साठीची बाई टाळ्या पिटत होते.

युक्ती माझी नाही. कोवळ्या मधमाश्या पोळ्यातली उबदार जागा कशी गाठतात, यावर जगात बऱ्याच लोकांनी काम केलंय. आम्ही ती ऊब काढून तिथे ओल घातली. प्रत्येक यंत्राला एकच नियम शिकवला: चालत राहा. वाटेत दुसरं यंत्र भेटलं तर थांब. जागा दमट असेल तर जास्त वेळ थांब, कोरडी असेल तर लगेच निघ.

हे डोक्यात बसायला अवघड वाटत असेल तर मे महिन्यातल्या दुपारी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, उभे राहा. ओळखीची दोन माणसं भर उन्हात भेटली तर "काय, बरंय ना?" म्हणून सुटतात. तीच दोघं लिंबाच्या सावलीत भेटली की बोलणं लांबतं. ती उभी आहेत म्हणून तिसरा थांबतो, तिघं दिसले म्हणून चौथा. थोड्या वेळानं बघावं तर सगळा मोंढा लिंबाखाली. "सावलीत जमा" असं कोणी दवंडी पिटून सांगितलेलं नसतं. सावली कुठे आहे हे शोधायलाही कोणी निघालेलं नसतं. भेटणं आणि रेंगाळणं, एवढ्यावर काम झालं.

शेडमध्ये आम्ही एका कोपऱ्यात ओलं गोणपाट टाकलं, शेडभर भुंगे सोडले आणि मी चहा आणायला वळले. चहा गाळेपर्यंत अझरची हाक. "मॅडम, जल्दी या! सगळे एकाच ठिकाणी जमून राह्यले!" गोणपाटाभोवती झुंड झाली होती. दोन-तीन सुटायचे, भटकायचे, परत येऊन चिकटायचे. गोणपाट उचलून आम्ही दुसऱ्या कोपऱ्यात टाकलं. झुंड हळूहळू विस्कटली, शेडभर पांगली आणि नव्या कोपऱ्यात जमली. अझरची अम्मी दारातून बघत होती. तिनं मला विचारलं, "ये आपस में बातां कररे क्या?" मी म्हटलं, नाही अम्मी, एक शब्दही नाही. ती म्हणाली, "तभी तो काम होरा."

काम कोणतं करायचं हे मात्र ठरलेलं होतं. आमचं जालना बियाण्यांचं गाव. गोदामांत पोत्यांच्या थप्प्या लाकडी चौकटींवर रचतात, म्हणजे जमिनीची ओल पोत्यांना लागू नये. चौकटीखाली वीतभर पोकळी राहते. त्या पोकळीत माणसाचा हात आतपर्यंत पोचत नाही आणि नजरही. वायरी टाकून सेन्सर बसवावेत तर उंदीर वायर ठेवत नाहीत आणि थप्प्या दर हंगामाला जागा बदलतात. तिथे आमचे भुंगे कामाचे. एखादा अडकला, एखाद्याची बॅटरी गेली, तरी बाकीच्यांचं काही अडत नाही.

पहिलं प्रात्यक्षिक जालन्यातल्या एका गोदामात झालं. साहेब लोक खुर्च्यांवर, हमाल पोत्यांवर. भुंगे सोडले. ते थप्प्यांखाली शिरले, आम्ही सगळे वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं एकेक करून ते बाहेर आले, दाराकडे निघाले आणि हमालांच्या पिण्याच्या माठाखाली गोळा झाले. माठ पाझरत होता. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक साहेब म्हणाले, "मॅडम, तहान लागली वाटतं त्यांना." मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी मनातून नाचत होते. अख्ख्या गोदामात ओल होती ती तेवढ्याच जागी, आणि माझ्या बिनडोक पोरांनी ती बरोबर धरली होती. काम मात्र मिळालं नाही. लोकांना एक मोठं, बोलणारं, डोळे मिचकावणारं यंत्र हवं असतं. याची खंत अजूनही आहे.

मग भोकरदन तालुक्यातल्या धावडा गावाहून हरिभाऊंचा फोन आला.

हरिभाऊ तिथल्या शेतकरी कंपनीचं गोदाम बघायचे. परिसरातल्या शेतकऱ्यांनी मिळून सोयाबीनचं बियाणं तयार केलं होतं आणि ते पेरणीपर्यंत त्या गोदामात होतं. मेमध्ये अवकाळी पाऊस झोडपून गेला आणि त्यानंतर गोदामात कुबट वास यायला लागला. वास येतो, पण कुठून ते कळत नाही. हरिभाऊंनी परखी मारून बघितली होती. परखी म्हणजे पोत्यात खुपसून मूठभर दाणे काढायची टोकदार नळी. पण परखी बाहेरच्या पोत्यांना लागते, आतल्यांना नाही. बाहेरचे दाणे ठणठणीत होते.

"मंग सगळ्या थप्प्या उलगडून बघा ना," फोनवर अझर म्हणाला.

"तुमी सोयाबीन कवा पेरलं न्हाई वाटतं," हरिभाऊ म्हणाले.

त्यांचं खरं होतं. सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक. पोतं आपटलं, वरून टाकलं, दोनदा जास्त हाताळलं, तरी उगवण घटते. उलगडावं तर धोका आणि न उलगडावं तर आत काय सडतंय ते कळत नाही. आणि पेरणी तोंडावर. खराब बियाणं वाटलं गेलं असतं तर गावंच्या गावं दुबार पेरणीला लागली असती.

आम्ही भुंगे टोपलीत भरले आणि निघालो. गोदामाच्या दारात हरिभाऊंनी टोपलीत डोकावलं. "काय म्हणता यांना?"

"भुंगे," अझर अभिमानानं म्हणाला.

हरिभाऊंचा चेहरा पडला. "आवं, दाण्याला भुंगेरा पडू नये म्हणून आमी औषध मारतो, आन तुमी टोपलीत घालून आणून राह्यले!"

दाराशी एक बाई उभी होती, पदर कमरेला खोचलेला. तिला हसू आलं. "जय भीम मॅडम. मी कमल. मधली थप्पी माझी हाय." कमलबाईंनी पहिल्यांदाच बियाण्याचा प्लॉट केला होता. बियाण्यात भेसळ नको म्हणून फुलोऱ्यात वेगळी दिसणारी झाडं एकेक करून स्वतः उपटली होती, मळणीही हळू करून घेतली होती. त्यांचा माल परिसरात सगळ्यात चांगला होता, हे हरिभाऊंनीच मला सांगितलं, आणि म्हणून तो गोदामाच्या मधोमध, चारी भिंतींपासून लांब, अगदी सुरक्षित जागी ठेवला होता.

पावसाचा मारा पश्चिमेच्या भिंतीवर झाला होता. ओल असली तर तिथेच असणार, असं हरिभाऊंचं म्हणणं. माझंही तेच. भुंगे सोडले. थप्प्यांखाली त्यांची घरघर पांगत गेली. थांबलेल्या भुंग्याच्या टोपणावर नारिंगी दिवा लागतो. तो बघायचा तर जमिनीला गाल टेकून झोपावं लागतं. मी, अझर आणि कमलबाई, तिघं तीन बाजूंनी पालथे पडलो. हरिभाऊ उभेच राहिले. आपल्याच गोदामात पालथं पडणं त्यांना बरं दिसेना.

सुरुवातीला दिवे कुठेही लागायचे आणि विझायचे. पश्चिमेच्या भिंतीशी चार-पाच जमले. "बघा, बोल्लो होतो ना," हरिभाऊ वरून म्हणाले. पण ते चार-पाच टिकेनात. एक सुटला, मग दुसरा. आणि आत, मधोमध, अंधारात एक दिवा लागला तो विझेना. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. शेकोटीतले निखारे एकमेकांना लागून फुलावेत तसे ते दिवे वाढत चालले होते.

"मॅडम," कमलबाईंचा आवाज थप्पीपलीकडून आला, "हे तर माझ्या मालाखाली जमून राह्यलेत."

हरिभाऊ आता खाली वाकले. "शक्यच न्हाई. वरून पत्रा कोरडा, भिंत लांब. तुमचे भुंगे चुकले."

माझ्याही मनात शंका आली, हे कबूल करते. यंत्रं थकली की वेड्यासारखी वागतात. आम्ही सगळे भुंगे काठीनं ओढून बाहेर काढले, बॅटऱ्या बदलल्या आणि या वेळी थेट विरुद्ध कोपऱ्यातून सोडले. ते भटकले, विखुरले, अर्धी दुपार आम्हाला ताटकळत ठेवलं आणि परत तिथेच गेले. या वेळी झुंड आणखी घट्ट होती. अझर जमिनीवरूनच ओरडला, "बराबर तिथंच! बिलकुल तिथंच!"

"उघडायची म्हणजे समदी थप्पी हलवावी लागंल," हरिभाऊ म्हणाले. "आन काही निघालं न्हाई तर? चांगला माल हातानं खराब केल्यासारखं व्हईल. ताई, तुमचा माल हाय, मी न्हाई सांगणार."

कमलबाई उठून बसल्या, पदरानं गालाची धूळ पुसली. थप्पीकडे बघत राहिल्या. यंत्र माझं, पण चुकलं तर जाणार होतं त्यांचं वर्षाचं राबणं.

"मॅडम, तुमचा भरवसा हाय का यांच्यावर?"

"एकेकावर नाही," मी म्हटलं. "सगळ्यांवर मिळून आहे."

"मंग उघडा," कमलबाई म्हणाल्या.

मी तसं पोत्यांचं काम पुन्हा पाहिलं नाही. हमाल, कमलबाई, त्यांच्या वस्तीतल्या बाया, अझर, सगळे रांगेत उभे राहिले आणि एकेक पोतं झोपलेल्या लेकरासारखं हातोहात गेलं. एकही आपटलं नाही. वरचे थर कोरडे होते. मधले कोरडे. हरिभाऊ माझ्याकडे बघत नव्हते. शेवटच्या थराचं पोतं उचललं आणि कमलबाईंनी त्याच्या बुडाला नाक लावलं.

"हे बघा," एवढंच म्हणाल्या. पोत्याच्या बुडावर पांढरी बुरशी होती.

चौकट उचलली. खाली भुंगे दाटीवाटीनं बसलेले, सगळ्यांच्या डोक्यावर नारिंगी दिवे. पण जमीन कोरडीच दिसत होती. फक्त एक केसाएवढी भेग होती. मी तिच्यावर तळहात धरला आणि दचकले. भेगेतून वाफेसारखी दमट हवा वर येत होती. जमीन श्वास टाकत होती म्हणा ना.

अझरनं पान्याच्या दांड्यानं फरशी ठोकली. लांबवर ठक्क. जवळ ठक्क. भेगेपाशी, धब्ब.

पुन्हा ठोकलं. धब्ब.

हरिभाऊंचा चेहरा पांढरा पडला. "भायेर! समदे भायेर व्हा! हळू!"

बाहेर आल्यावर त्यांना घाम फुटला होता. म्हणाले, वडील सांगायचे, गोदाम बांधायच्या आधी इथे जुनी विहीर होती, ती बुजवली. पण हरिभाऊंची समजूत, ती भिंतीच्या पलीकडे होती. छपराचं पाणी अवकाळीत भिंतीशी तुंबलं, जमिनीत मुरलं, विहिरीत टाकलेला भराव खाली बसला, आणि वर नुसती फरशी अधांतरी राहिली. तिच्यावर थप्पी. थप्पीला टेकून रोज दुपारी डबा खाणारे हरिभाऊ. "मी हितंच बसून भाकर खातो मॅडम," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "रोज हितंच."

उरलेल्या थप्प्या आम्ही फळ्या अंथरून, कडेकडेनं चालत हलवल्या. शाळेला सुट्टी होती, वर्ग रिकामे होते, बियाणं तिथे गेलं. अझरनं फळीवर पालथं पडून बांबूच्या आकड्यानं भुंगे ओढून घेतले. दोन-तीन हाताला लागले नाहीत, ते राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जमलं होतं. हरिभाऊ आणि दोन हमालांनी लांब लाकडी बल्ली घेतली आणि दारातूनच तिचं टोक फरशीवर आदळलं. एकदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा भेग फाकली. तिसऱ्यांदा आधी आवाजच आला नाही. फरशी नुसती दिसेनाशी झाली. मग खालून गडगडाट आणि धुळीचा लोट. आम्ही मागे पळालो.

धूळ बसल्यावर मधोमध काळं गोल भोक होतं, कडेला जुन्या दगडांचं बांधकाम. एवढी माणसं रांगेत त्याच्यावर उभी होती, आदल्या दिवशी. मीही होते.

कमलबाईंनी पायाजवळचा खडा उचलला आणि भोकात टाकला. आम्ही सगळे कान देऊन उभे.

डुबुक.

"पाणी!" कोणीतरी किंचाळलं आणि मग जो कल्ला झाला! मेच्या अखेरीला, टँकरची वाट बघणाऱ्या गावात, गोदामाच्या पोटात पाणी. बायका हसत होत्या, हमालांनी अझरला खांद्यावर घेतलं, आणि हरिभाऊ माझ्यापुढे हात जोडून उभे होते.

कमलबाईंची खालच्या थरातली पोती गेली. ती त्यांनी बियाणं म्हणून कोणाला दिली नाहीत, वेगळी काढली. बाकी सगळ्या मालाची उगवण तपासली, चांगली निघाली, वेळेवर वाटप झालं. पेरणीनंतर एका सकाळी त्यांनी फोन केला. मागे वारा वाहत होता. "मॅडम, उगवलं. ओळ न् ओळ, तास भरून उगवलं. तुमी या बघायला." मी आणि अझर गेलो. ओळीनं दोन-दोन पानं वर आलेली. बांधावर बसून कमलबाईंनी आम्हाला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाऊ घातली. इतकं सुख मला निवृत्तीच्या सत्कारातही झालं नव्हतं. गोदामाची एक भिंत पाडून विहिरीच्या अलीकडे नव्यानं बांधली, गावानं विहिरीतला गाळ-दगड काढला, आणि ती आता वापरात आहे.

इथून आमची खरी अडचण सुरू झाली. बातमी फिरली ती अशी, की जालन्यातल्या एका मॅडमकडे विहीर हुडकणारे भुंगे आहेत. बदनापूरहून फोन येतात, घनसावंगीकडून येतात. परवा जांब समर्थजवळच्या एका गृहस्थांचा आला. त्यांना रानात विहीर घ्यायची होती, भुंगे सोडून जागा दाखवा म्हणाले.

मी त्यांना सगळं समजावलं. भुंगे जमिनीखालचं पाणी ओळखत नाहीत. ते हवेतला दमटपणा मोजतात, तोही तळहाताएवढ्या जागेवरचा. उघड्या रानात वारा असतो, तिथे ते नुसते भटकतील. धावड्याला विहीर सापडली ती फरशीला भेग होती म्हणून, वरून थप्पीनं हवा कोंडली होती म्हणून. मी लिंबाची सावलीही सांगितली, मोंढाही सांगितला. जन्मभर शिकवलंय, कंटाळा नाही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, हूं हूं करत सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी विचारलं, "आलं ना लक्षात?"

"बराबर आलं मॅडम," ते म्हणाले. "मंग कवा येता?"